सव्वीस आठवड्यांचा हिशोब

जगातल्या सहा महिन्यांखालच्या बाळांपैकी ४८ टक्के बाळं फक्त अंगावरच्या दुधावर वाढताहेत, असं युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं. दशकभरात दहा टक्क्यांची भर पडली होती. २०२५ पर्यंत निम्म्यावर पोहोचायचं उद्दिष्ट हाकेच्या अंतरावर होतं, त्यामुळे सूर समाधानाचा होता. समाधान मानायला हरकत नाही. पण हा आकडा ऐकून बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं ते चुकीचं असतं. जगातली जवळपास निम्मी बाळं सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीही घेत नाहीत, असा त्याचा अर्थ नाही.

आकडा येतो कसा ते पाहा. पाहणी करणारी कार्यकर्ती आईला विचारते, काल दिवसा आणि रात्री बाळाच्या पोटात काय काय गेलं? औषध, जीवनसत्त्वाचे थेंब, जुलाब होत असतील तर ओआरएस, एवढं चालतं. पाण्याचा एक घोट गेला असेल तर बाळ ‘निव्वळ स्तनपाना’च्या रकान्यातून बाहेर. प्रश्न फक्त कालचा. तो आठ दिवसांच्या बाळाच्या आईलाही विचारला जातो आणि साडेपाच महिन्यांच्या बाळाच्या आईलाही, आणि मग सगळ्यांची मिळून एक टक्केवारी काढली जाते. हे म्हणजे बस सुटल्यापासून प्रत्येक थांब्यावर आत किती माणसं आहेत ते मोजायचं आणि ती सगळी बेरीज शेवटच्या थांब्याच्या नावावर मांडायची. पहिल्या थांब्याला बस भरलेलीच असते. खरी गंमत पुढे आहे, आणि ती या एका आकड्यात दिसत नाही.

जिथे थांब्याथांब्याचा हिशोब ठेवला गेला तिथलं चित्र वेगळं आहे. ब्रिटनमध्ये २०१० साली झालेल्या पाहणीत ८१ टक्के बायकांनी बाळाला अंगावर पाजायला सुरुवात केली होती. सहा महिन्यांनी थोडंफार तरी पाजणाऱ्या ३४ टक्के उरल्या होत्या. आणि सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध दिलेल्या किती? सुमारे एक टक्का. ऐंशी जणींनी सुरुवात केली आणि एक पोहोचली, तर दोष त्या एकोणऐंशी जणींच्या इच्छाशक्तीचा नसावा, एवढा तर्क करायला संख्याशास्त्र शिकावं लागत नाही. तरीही स्तनपानाच्या टक्केवारीची चर्चा निघाली की ती आयांच्या प्रगतिपुस्तकासारखीच वाचली जाते. जागृती कमी पडली, प्रबोधन वाढवा, भित्तिपत्रकं लावा. माझं म्हणणं असं की हे प्रगतिपुस्तक आईचं नाहीच. ते प्रसूतिगृहाचं आहे, कामावर ठेवणाऱ्याचं आहे आणि रजेचा कायदा करणाऱ्यांचं आहे. त्यावर नाव मात्र चुकीचं पडलेलं आहे.

सहा महिन्यांच्या शिफारशीबद्दल माझी तक्रार नाही. ती हवेतून आलेली नाही. २००१ पर्यंत जागतिक आरोग्य संघटना ‘चार ते सहा महिने’ म्हणत होती. मग उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. सहा महिने फक्त अंगावर पाजलेल्या बाळांची वाढ खुंटत नाही, त्यांना पोटाचे आजार कमी होतात आणि आईची पाळी उशिरा परत येते, असं त्यातून दिसलं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य परिषदेनं, म्हणजे संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेनं, ‘सहा महिने’ असा ठराव केला. सहाच का, याचं दुसरं टोकही आहे. गर्भात असताना बाळानं साठवलेलं लोह साधारण तेवढ्या काळात संपत येतं आणि आईच्या दुधात लोह फार थोडं असतं, म्हणून त्यानंतर वरचं अन्न लागतंच. युरोपातले बालपोषणतज्ज्ञ आजही थोडी मोकळीक ठेवतात: वरचं अन्न चार महिन्यांच्या आत नको आणि सहाच्या पुढे ढकलू नका. पाचव्या महिन्यात एखादा घास भरवला म्हणून आईनं रात्रभर रडत बसावं, इतकी ही रेषा धारदार नाही. पण जिथे पाणी आणि भांडी स्वच्छ असतील याचा भरवसा नाही, तिथे ती शक्य तितकी पाळण्यातच शहाणपण आहे.

आता फायद्यांविषयी, कारण इथे प्रचारक मंडळींचा हात जरा सैल सुटतो. स्तनपानाचे फायदे मोजणं अवघड आहे. ज्या घरात आई वर्षभर पाजू शकते त्या घरात बहुधा पैसा, शिक्षण, मदत हेही जास्त असतं. मुलाची हुशारी दुधाची की घराची, हे सांगता येत नाही. कुणाला पाजायचं आणि कुणाला नाही अशी चिठ्ठी टाकणं तर नीतीला धरून होणार नाही. बेलारूसमध्ये १९९६-९७ साली यावर एक नामी तोड काढली गेली. चिठ्ठी बाळांवर न टाकता रुग्णालयांवर टाकली. ३१ प्रसूतिगृहं, सतरा हजारांहून अधिक आई-बाळांच्या जोड्या. निम्म्या ठिकाणच्या कर्मचाऱ्यांना स्तनपानाला मदत कशी करायची याचं प्रशिक्षण दिलं, बाकीच्या ठिकाणी होतं तसं चालू ठेवलं. वर्षभरात जुलाब-उलट्यांच्या संसर्गाचं प्रमाण मदत मिळालेल्या गटात ९.१ टक्के दिसलं, दुसऱ्या गटात १३.२ टक्के. त्वचेवरचा इसबही कमी झाला. पण मुलं मोठी झाल्यावर लठ्ठपणा कमी झालेला काही सापडला नाही. साडेसहाव्या वर्षी भाषिक बुद्धिमत्तेच्या चाचणीत ठळक फरक होता. सोळाव्या वर्षी तो अगदी थोडा उरला होता.

म्हणजे फायदा खरा आहे, पण जादू नाही. आणि तो सगळीकडे सारखा नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ साली आलेल्या अंदाजानुसार जवळपास सगळ्या बाळांना अंगावरचं दूध मिळालं तर दरवर्षी ८ लाख २३ हजार बालमृत्यू टळतील. हे मृत्यू बहुतांशी गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले आहेत. बोत्सवानामध्ये एचआयव्हीबाधित आयांच्या बाळांना सरकार पावडरचं दूध फुकट देत असे, हेतू चांगलाच होता. २००६ च्या सुरुवातीला अतिवृष्टी झाली, पाणी दूषित झालं, आणि जुलाबाच्या साथीत पावडरच्या दुधावरची बाळं मोठ्या संख्येनं दगावली. डबा सगळीकडे तोच असतो. त्यात घालायचं पाणी तेच नसतं. नळाचं पाणी निर्धास्त पिता येतं अशा शहरातल्या आईला त्याच मृत्यूच्या आकड्यानं घाबरवणं ही फसवणूक आहे. तिथे सांगण्यासारखं इतर बरंच आहे. उदाहरणार्थ, तीस देशांतल्या ४७ अभ्यासांच्या २००२ मधल्या एकत्रित विश्लेषणानुसार पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे आईचा स्तनांच्या कर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनी घटतो. हा फायदा आईचा स्वतःचा आहे. स्तनपानाच्या प्रचारात तो नेहमी शेवटच्या ओळीत का असतो, हा प्रश्न मला पडतो. आईनं स्वतःसाठी काही करावं हे सांगताना आपली जीभ अडखळते की काय कोण जाणे.

बायका पाजणं थांबवतात त्याचं सगळ्यात जास्त वेळा दिलं जाणारं कारण ‘दूध पुरत नव्हतं’ हे आहे. देशोदेशी हेच उत्तर येतं. यावर तज्ज्ञांची ठरलेली प्रतिक्रिया अशी की हा गैरसमज आहे, फार थोड्या बायकांना खरोखर दूध कमी असतं. हे बरोबर आहे आणि तरीही अर्धवट आहे. बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस जे घट्ट, पिवळसर दूध येतं ते मोजायचं तर एका वेळेला चमचाभर. बाळाचं वजन या दिवसांत थोडं उतरतंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती भरून येते. त्या आधीची रात्र लांब असते. बाळ दर तासाला उठतं, रडतं, छातीला लावलं की दोन मिनिटं ओढतं आणि पुन्हा रडतं. टाके दुखत असतात. बाळाची पकड नीट बसलेली नसते, त्यामुळे स्तनाग्रांना चिरा पडलेल्या. अशा वेळी कुणीतरी मायेनंच म्हणतं, ‘अगं, उपाशी आहे लेकरू, थोडं वरचं देऊया.’ बाटली लागते. बाळ चार तास शांत झोपतं. सगळ्यांना पुरावा मिळतो.

त्या चार तासांत काय झालं ते मात्र कुणी सांगत नाही. दूध मागणीवर बनतं. बाळानं ओढलं की प्रोलॅक्टिन हे दूध बनवायला लावणारं संप्रेरक वाढतं आणि पुढचं दूध तयार होतं. छाती भरलेली राहिली की शरीर आपोआप उत्पादन आवरतं घेतं. चार तास मागणी आली नाही, तेवढं दूध उद्या कमी. उद्या कमी म्हणून आणखी एक बाटली. चौथ्या दिवशी जी शंका खोटी होती ती तिसऱ्या आठवड्यात खरी झालेली असते. त्या बाईला ‘तुझा गैरसमज होता’ म्हणणं क्रूर आहे. तिचं दूध खरोखरच आटलेलं असतं. त्या रात्री दहा मिनिटं जवळ बसून बाळ कसं धरायचं, तोंड किती उघडल्यावर छातीला लावायचं हे दाखवणारं अनुभवी माणूस नव्हतं, एवढाच सगळा प्रकार. ‘बाळस्नेही रुग्णालय’ मोहीम १९९१ साली सुरू झाली ती याच दहा मिनिटांसाठी: पहिल्या तासात बाळ छातीला लावा, आई-बाळाला एका खोलीत ठेवा, वैद्यकीय कारणाशिवाय वरचं देऊ नका. आज जगभरात पहिल्या तासात छातीला लागणारी बाळं निम्म्याहून कमी आहेत. पहिल्या तासात बाळ कुणाच्या हातात असेल हे आई ठरवत नाही, वॉर्ड ठरवतो.

काही बायकांना दूध खरंच पुरेसं येत नाही. स्तनातल्या ग्रंथींची वाढच कमी असते, आधी शस्त्रक्रिया झालेली असते, बाळंतपणात फार रक्त गेलेलं असतं, थायरॉइडचा घोटाळा असतो. काहींना चालू औषधांमुळे पाजता येत नाही. आणि काहींना पाजायचं नसतं. शरीर त्यांचं आहे, कारण देण्याची त्यांना गरज नाही. या सगळ्यांसाठी पावडरचं दूध ही सुरक्षित, परीक्षा झालेली आणि अत्यावश्यक वस्तू आहे. २०२२ साली अमेरिकेत एक मोठा कारखाना बंद पडला आणि दुकानांतले डबे संपले, तेव्हा आया शहराशहरांतून डबे शोधत फिरत होत्या. ‘मग पाजा ना अंगावर, फुकट आहे’ असे सल्ले देणाऱ्यांना वरचा मागणी-पुरवठ्याचा नियम ठाऊक नव्हता. पाचव्या महिन्यात आटलेलं दूध बटण दाबून सुरू होत नाही. आणि ते फुकट तर कधीच नव्हतं. दिवसातून आठ-बारा वेळा पाजायचं म्हणजे दिवसाचे कितीतरी तास. आईच्या वेळेची किंमत शून्य धरली तरच ते फुकट.

पावडरचं दूध विकणाऱ्या कंपन्यांचा इतिहास काळाच आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परिचारिकेसारखे कपडे घातलेल्या विक्रेत्या बायका गरीब देशांतल्या प्रसूती वॉर्डांमधून नमुन्याचे डबे वाटत फिरत. नमुना संपेपर्यंत आईचं दूध आटलेलं असे आणि पुढचा डबा विकत घ्यावा लागे. तो पुरवून वापरण्यासाठी त्यात पाणी जास्त घातलं जाई. याविरुद्ध १९७७ साली अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला, आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेनं आईच्या दुधाच्या पर्यायांच्या जाहिरातबाजीवर बंधनं घालणारी संहिता ११८ विरुद्ध १ अशा मतांनी मंजूर केली. विरोधातलं एकमेव मत अमेरिकेचं. मग वर्षावरच्या मुलांसाठी वेगळं दूध बाजारात आलं. त्याचा डबा आणि रंग तान्ह्या बाळांच्या डब्यासारखेच, म्हणजे जाहिरात एकाची आणि फायदा दुसऱ्याचा. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं आठ देशांतल्या साडेआठ हजार पालकांना आणि गरोदर बायकांना विचारलं, तर निम्म्याहून जास्त जणांपर्यंत या कंपन्यांचा प्रचार पोहोचलेला होता. संहिता हवी आणि कडकपणे हवी. पण चळवळीतल्या मित्रमैत्रिणींना राग येण्याचा धोका पत्करून म्हणतो: कंपन्यांकडे बोट दाखवणं सोयीचं झालं आहे. खलनायक ठरला की कार्यालयातल्या हजेरीपटाबद्दल कुणी बोलत नाही. ती बाटली जाहिरात पाहून घेतली जाते, तशीच सोमवारी कामावर हजर व्हायचंय म्हणूनही घेतली जाते.

दोन वर्षांच्या शिफारशीचीही तीच गत आहे. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू करून दोन वर्षं आणि वाटल्यास पुढेही पाजावं, असं आरोग्य संघटना सांगते. दुसऱ्या वर्षातही बाळाच्या ऊर्जेचा सुमारे तिसरा हिस्सा दुधातून येऊ शकतो आणि आजारपणात अन्न नको झालेलं मूल बऱ्याचदा तेवढंच घेतं. जगात दोन वर्षांपर्यंत अंगावर पिणारी मुलं ४५ टक्क्यांच्या आसपास आहेत. देशादेशांतला फरक प्रचंड आहे. एक वर्षाच्या वयाला सेनेगलमध्ये ९९ टक्के मुलं अंगावर पीत होती आणि ब्रिटनमध्ये एक टक्काही नाही, असं २०१६ चे आकडे सांगतात. ब्रिटिश आयांच्या शरीररचनेत काही वेगळं नसतं. आठ महिन्यांचं बाळ अंगावर पिताना दिसलं की भुवया उंचावणाऱ्यांची संख्या वेगळी असते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ मध्ये आपली शिफारस एक वर्षावरून दोन वर्षांपर्यंत आणि पुढे अशी वाढवली. त्या देशाचा १९९३ चा संघीय कायदा बाळंतिणीला बारा आठवडे रजा देतो, तीही बिनपगारी, तीही सगळ्यांना नाही. शिफारस लिहिणाऱ्यांनी या दोन कागदांकडे एकाच टेबलावर पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

आता आक्षेप. पहिला आक्षेप बेलारूसचाच, आणि तो माझ्या म्हणण्याला थेट भिडतो. तिथे आयांना तीन वर्षांची रजा होती. तरीही ज्या रुग्णालयांत खास मदत नव्हती तिथे तीन महिन्यांपर्यंत निव्वळ अंगावर पाजणाऱ्या ६.४ टक्केच होत्या. म्हणजे नुसती रजा पुरत नाही, हे मान्य. पण मदत मिळालेल्या गटात हाच आकडा ४३.३ टक्के होता. रजा आणि कुशल मदत एकत्र आल्यावर काय होतं ते त्या फरकात आहे. सहा महिन्यांपर्यंत मात्र त्याही गटातल्या फक्त ७.९ टक्के पोहोचल्या. इतकं सगळं हाताशी असताना ही अवस्था, तर यातलं काहीच न देता शंभर टक्क्यांची अपेक्षा करणाऱ्या भित्तिपत्रकाला काय म्हणावं?

दुसरा आक्षेप नेहमीचा: रजा वाढवली की मालक बायकांना कामावर ठेवणार नाहीत. भीती खरी आहे, आणि तिच्यावरचा उपायही जुना आहे. रजेच्या काळातला पगार एकट्या मालकाच्या खिशातून न जाता सामाजिक विम्यातून किंवा सरकारी निधीतून जावा, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या करारात लिहिलेलं आहे. राहिला प्रश्न ज्यांना मालकच नाही अशा बायकांचा: शेतात, बाजारात, दुसऱ्यांच्या घरी राबणाऱ्या. याच संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात ६४ कोटींहून अधिक स्त्रियांना पुरेसं मातृत्व-संरक्षण नाही. पंपानं दूध काढून ठेवा, हा सल्ला त्यांना ऐकवून पाहा. काढलेलं दूध साध्या तापमानाला चारेक तास टिकतं. त्याला बंद दाराची खोली लागते, शीतकपाट लागतं, आणि दर तीन तासांनी वीस मिनिटं उठून जाण्याची मुभा लागते. हे सगळं ज्यांच्यापाशी आहे त्यांना रजेचीही थोडीफार सोय असतेच.

श्रम संघटनेची पहिली परिषद १९१९ साली वॉशिंग्टनमध्ये भरली. तिथे बाळंतपणासाठी बारा आठवड्यांची रजा आणि कामावर परतल्यावर बाळाला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास असा करार झाला. १९५२ मध्ये तो सुधारला, रजा बाराच आठवडे राहिली. जून २००० मध्ये जिनिव्हात पुन्हा सुधारला, तेव्हा ती चौदा झाली. एक्याऐंशी वर्षांत दोन आठवडे. यातले काही बाळ जन्मण्याआधीच खर्च होतात, त्यामुळे आई कामावर परतते तेव्हा बाळ जेमतेम तीन महिन्यांचं असतं. पुढच्याच वर्षी, मे २००१ मध्ये, त्याच जिनिव्हात आरोग्य परिषदेनं सहा महिन्यांचा ठराव केला, म्हणजे सव्वीस आठवडे. दोन्ही संघटनांची मुख्यालयं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मधले बारा आठवडे कुणी सांभाळायचे, याचा ठराव अजून दोन्हीकडे झालेला नाही.